कोर्सची फी भरण्याआधी तीस जाहिराती उतरवून काढा

माझा कॉम्प्युटर क्लास जयसिंगपूरला आहे. जून उजाडला की पोरं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, सध्या कशाला मागणी आहे?" मी उलट विचारते, "कुठं?" इथून इचलकरंजी अर्ध्या तासावर, शिरोली एमआयडीसी तासाभरावर, चाकण पाच-सहा तासांवर. तिन्हीकडचे मालक वेगवेगळं मागतात.

हे मी एका चुकीतून शिकले. एका मुलीला मी टॅली, म्हणजे दुकान-पेढीचे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर, अगदी मनापासून शिकवली. लग्न होऊन ती चाकणला गेली. तिथल्या मुलाखतीत टॅलीचं नावही निघालं नाही. सॅपमधून, म्हणजे मोठ्या कंपन्या सगळा कारभार ठेवतात त्या सॉफ्टवेअरमधून, काढलेली हजारो ओळींची एक्सेल फाइल समोर ठेवून पिव्होट, म्हणजे त्या ओळींचा गोषवारा, करायला सांगितलं, आणि तिला ते येत नव्हतं. तू राहणार कुठं आहेस, हे मी तिला विचारायला हवं होतं.

म्हणून आधी गाव ठरवा. नुसतं "पुण्याला बघू" म्हणून भागत नाही. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा, डेटाबेससाठीची एसक्यूएल आणि सॉफ्टवेअर तपासायचं टेस्टिंग विचारतात. चाकणच्या कारखान्यात सॅप, पक्कं एक्सेल आणि ड्रॉइंग वाचता येणं बघतात. दोन्ही पुण्यातच, पण शिकायचं ते वेगळं.

मग शंभर पानी वही घ्या आणि त्या गावाच्या तीस जाहिराती हातानं उतरवा. नोकरीच्या वेबसाइट बघा, सरकारचं महास्वयं पोर्टल बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथं पुण्या-मुंबईच्या जाहिरातींचा ढीग दिसतो आणि आपल्या गावाचं नाव शोधलं तर चार-दोन. मुलं म्हणतात, इथं कामच नाही. काम असतं, पण छोटा मालक पोर्टलवर जात नाही. तो दुकानाच्या काचेवर कागद चिकटवतो, कारखान्याच्या गेटवर पाटी लावतो, पेपरात छोटी जाहिरात देतो, आणि बहुतेक वेळा आपल्या कर सल्लागाराला सांगतो, "एक चांगलं पोरगं बघा." त्यामुळे गावातल्या दोन कर सल्लागारांना जाऊन भेटा. त्यांना दहा-वीस धंद्यांची नड ठाऊक असते.

उतरवताना पदाच्या नावाला भुलू नका, कारण सगळी गफलत तिथंच होते. 'कॉम्प्युटर ऑपरेटर पाहिजे' हे चार ठिकाणी वाचा, चार वेगळी कामं निघतात. इचलकरंजीच्या कापडाच्या पेढीवर तो नव्या काळातला दिवाणजी असतो: टॅलीत बिलं, जीएसटी, आणि कापड राजस्थानात बालोतऱ्याला निघालं की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना. कोल्हापुरातल्या छापखान्यात त्याच शब्दांचा अर्थ कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि शुद्ध मराठी टायपिंग. सरकारी कचेरीत कंत्राटावर असेल तर मराठी ३०, इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंग आणि एमएस-सीआयटी. भिवंडीच्या गोदामात बारकोड स्कॅनर आणि मालाची आवक-जावक. म्हणून वहीत पदाच्या नावापुढं एक रकाना आखा आणि त्यात फक्त क्रियापद लिहा: बिल करणं, टाइप करणं, मोजणं, आखणं.

शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यात फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. तिथं आयटीआय झालेल्या मुलाला ऑटोकॅड, सॉलिडवर्क्सवर ड्रॉइंग काढता किंवा व्हीएमसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचा, प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर मालक त्याला सोडत नाही. माझ्या क्लासात हे शिकवत नाही. अशा मुलाची फी मी घेत नाही, कोल्हापूरला पाठवते.

वही भरली की त्यातल्या पाच जणांना फोन करा, जमलं तर समक्ष जा. "कोणता कोर्स लागेल?" असं विचारू नका, कारण मालक ऐकलेलं एखादं नाव सांगून मोकळा होतो. विचारा, "साहेब, हा माणूस सकाळी आल्यावर कॉम्प्युटरवर पहिल्यांदा काय उघडतो? आधीच्या माणसाला काय जमत नव्हतं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या. मुलाखतीत तुम्हाला तेच करून दाखवायचं असतं.

कायदा बदलला की मागणी हलते, तीही सगळीकडे सारखी नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्या धंद्यांना आपसातल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं. मोठ्या कंपन्या त्याआधीच त्यात आल्या होत्या, त्यामुळे चाकणला त्याचं नवल नव्हतं. आमच्याकडच्या पेढ्यांना मात्र ते येणारं माणूस तातडीनं हवं झालं. म्हणून जुनी वही चालत नाही. सहा महिन्यांपूर्वीची असेल तर पुन्हा दहा जाहिराती उतरवा.

शेवटी रकान्यातली क्रियापदं मोजा. तीसपैकी दहा-बारा ठिकाणी जे आलंय ते आधी शिका. दोन-तीनदाच आलेलं, कितीही नावाजलेलं असलं तरी, पुढच्या वर्षावर टाका. ही वही घेऊन माझ्याकडे या. ती बघितल्यावर फीचं बोलू.