पिकअपला जादा रिव्हर्स दिवे: गाडी खोलण्याआधीची तयारी

रात्री बांधावरून किंवा गोदामाच्या गल्लीत पिकअप मागे घ्यायची, हौदा मालाने भरलेला, मधल्या आरशात काही दिसत नाही आणि कंपनीचे रिव्हर्स दिवे म्हणजे 21 वॅटचे एक-दोन बल्ब, त्यावर चिखलाचा थर. जादा दिवे लावायचे कारण एवढंच. दिवे लावणं तसं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण सगळं सामान हातात आल्याशिवाय बॅटरीला पाना लावू नका. रिलेचा (छोट्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) कप्लर, म्हणजे त्याच्या पिना बसायची खोबण, नाही म्हणून नुसत्या पिना टेपने गुंडाळल्या, की पहिल्या पावसात काम परत करावं लागतं.

आधी दिवे ठरवा. 18 वॅटचे दोन एलईडी वर्क लॅम्प पिकअपला भरपूर होतात. काचेवर ‘फ्लड’ लिहिलेले घ्या. ‘स्पॉट’ दिव्याचा झोत लांब पण अरुंद पडतो, आणि मागे घेताना आपल्याला बघायचा असतो दहा फुटांवरचा खड्डा आणि बाजूचा दगड. पाणी आत शिरू नये म्हणून दिव्यावर आयपी 67 हा दर्जा लिहिलेला बघा. स्वस्त दिव्यांवरच्या वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. दुकानातच 12 व्होल्टच्या बॅटरीवर मल्टिमीटर दहा अँपियरच्या जागी टाकून मालिकेत लावून बघा: 18 वॅटच्या दिव्याने दीड अँपियरच्या आसपास घेतलं पाहिजे. अर्धा अँपियर दाखवलं, तर तो सहा वॅटचा दिवा आहे.

आता वायर. दोन दिवे मिळून तीन अँपियर, म्हणून दीड चौरस मिलिमीटरची गाडीची बहुतारी वायर पुरते. सहा मीटर लांबीत तिच्यात 0.2 व्होल्टच्या आसपास पडतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याच्या तिप्पट पडतात. बॅटरीपासून मागच्या बंपरपर्यंत चासीच्या कडेने सहा मीटर धरलं, तरी लाल वायर नऊ मीटर घ्या, कारण वळणं आणि सुटी टोकं मोजात येत नाहीत. अर्थिंगसाठी काळी दोन मीटर, रिलेच्या इशाऱ्यासाठी एक चौरस मिलिमीटरची वेगळ्या रंगाची तीन मीटर. घरात उरलेली एकतारी वायर इथे चालत नाही, ती हादऱ्याने आतल्या आत तुटते आणि वरून धड दिसते. सगळ्या वायरीवर काळी नालीदार स्लीव्ह, दर वीतभर अंतरावर केबल टाय, पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट. सायलेन्सर आणि स्टेपनीच्या साखळीपासून वायर लांब ठेवायची.

रिले लागतोच. मूळ रिव्हर्स स्विचचे संपर्क फार तर दोन बल्बांसाठी, म्हणजे साडेतीन अँपियरसाठी बनवलेले असतात. मागे येताना वाजणारा हॉर्न बऱ्याच गाड्यांत आधीच त्यावर जोडलेला असतो. वर अजून तीन अँपियर टाकले, की कधीतरी स्विच जळतो, आणि तो असतो गिअरबॉक्सवर. म्हणून मूळ वायरीवरून फक्त रिलेचा इशारा घ्यायचा. 12 व्होल्ट, 30 अँपियरचा रिले त्याच्या कप्लरसकट घ्या. पिनांवर नंबर असतात: 30 ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेला प्लस, 87 वरून दिवे, 86 ला रिव्हर्सचा इशारा, 85 ला अर्थ. पाच पिनांच्या रिलेत मधली 87ए असते. चुकून तिला दिवे जोडले, तर ते कायम पेटलेले राहतात आणि रिव्हर्स टाकल्यावर विझतात. रिलेत डायोड असेल तर 85 आणि 86 ची अदलाबदल करू नका, रिव्हर्सचा मूळ फ्यूज उडेल.

रिले कुठे बसवायचा यावर मत विचाराल, तर बॉनेटखाली, बॅटरीजवळ. म्हणजे मागे जाणाऱ्या लांब वायरीत फक्त रिव्हर्स टाकल्यावरच वीज येते. रिले मागे बसवला, तर तीच वायर चोवीस तास जिवंत, आणि चासीला घासून सोलली की ठिणगी. पिना खाली तोंड करून बसवा, पाणी साचत नाही. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. तो वायर वाचवण्यासाठी असतो, दिवा वाचवण्यासाठी नाही. 5 अँपियरचा पुरे. एलईडीऐवजी 55 वॅटचे दोन हॅलोजन लावणार असाल, तर नऊ अँपियर जातात. मग वायर अडीचची आणि फ्यूज 15 चा.

इशाऱ्याची वायर शोधताना रंगावर जाऊ नका. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढे-मागे उटी. इंजिन बंद, चावी ऑन, आणि टेस्ट लॅम्प. गिअरबॉक्सच्या स्विचवर दोन वायरी असतात. एकीवर चावी फिरवताच वीज येते, दुसरीवर फक्त रिव्हर्स टाकल्यावर. दुसरी आपली. दोन्हींचं वागणं असं स्पष्ट दिसलं नाही, तर स्विच कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, जोडलेला असू शकतो. मग तिथे हात न लावता मागच्या दिव्याच्या कप्लरवरून इशारा घ्या, त्यासाठी जादा वायर धरा. टोचून बसणारी निळी क्लिप वापरू नका. तिच्यातून ओल शिरते आणि तांबं हिरवं पडतं. सोलून, सोल्डर करून वर हीट श्रिंक.

अर्थिंगसाठी दिव्याच्या पट्टीवर भिस्त ठेवू नका, तिला रंग असतो. चासीवरच्या मूळ बोल्टाजवळ पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, वायरीच्या टोकाला गोल थिंबल (बोल्टात बसणारी कडी), दातेरी वॉशर, वरून ग्रीस. अर्थ कच्चा राहिला, की ब्रेक दाबल्यावर रिव्हर्सचे दिवे मिणमिणतात, आणि लोक मग रिले बदलत बसतात.

बसवण्यासाठी 5 मिलिमीटर जाडीच्या काटकोनी पट्ट्या, 8 चे बोल्ट, नायलॉक नट. पट्टी बंपरला किंवा खालच्या आडव्या पाइपला बोल्टने. चासीला नवं भोक नको, आणि गाडीवर वेल्डिंग तर नकोच. दिवे फाळका उघडल्यावर आपटणार नाहीत, नंबर प्लेट आणि परावर्तक पट्टी झाकणार नाहीत, असे. तोंड थोडं खाली. कॅमेरा असेल तर त्याच्या शेजारी नको, स्क्रीन पांढरी होते.

वेगळं बटण बसवायचा मोह होतो, माल उतरवताना उजेड हवा म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे मागच्या बाजूला लाल सोडून इतर प्रकाश दाखवता येत नाही. मोजक्या अपवादांत मागे घेतानाचा पांढरा दिवा येतो. बटण चालू राहून गाडी पुढे निघाली, की मागच्याच्या डोळ्यात थेट झोत. हौद्यातल्या कामाला हौद्यातच तोंड असलेला वेगळा दिवा लावा.

काम सुरू करताना इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, मग बॅटरीची मायनस आधी काढा, शेवटी तीच जोडा. प्लसला पाना असताना तो पत्र्याला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. जोडून झाल्यावर रिव्हर्स, न्यूट्रल, ब्रेक, इंडिकेटर असं सगळं एकेक करून बघा. इंजिन चालू ठेवून दिव्याच्या टोकाशी व्होल्ट मोजा. बॅटरीवरच्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आले, तर सांधा किंवा अर्थ सैल आहे. दहा मिनिटं दिवे चालू ठेवून फ्यूजच्या खोबणीला हात लावा, गरम लागता कामा नये. भरल्या गाडीचे शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळा. डॅशबोर्डच्या कप्प्यात 5 चे दोन फ्यूज आणि एक जादा रिले ठेवून द्या.