दुखापतीतून सावरताना खळाळत्या नदीत कनू न्यावी का, हे कसं ठरवावं

कनू म्हणजे गुडघ्यांवर बसून वल्हवायची लांबट, हलकी नाव. वल्हं मारताना दुखत नाही, मग ती घेऊन नदीत उतरायला काय हरकत आहे, असा हिशोब बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. वल्हवणं हा त्यातला सोपा भाग. नाव उलटली तर मी माझ्या बळावर काठाला लागेन का, हे स्वतःला विचारायला हवं.

आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना भेटा. ‘व्यायाम करू का?’ असं मोघम विचारू नका. गुडघ्यांवर तासन्‌तास बसावं लागतं, वल्ह्याला अचानक हिसका बसतो, थंड पाण्यात पडून दगडावर आपटू शकतो, हे सगळं सांगा. मोडलेलं हाड बऱ्याचदा 6 ते 8 आठवड्यांत जुळतं, पण अस्थिबंधांची (हाडांना जोडणाऱ्या लिगामेंट्सची) ताकद परत यायला कितीतरी महिने जातात. डोक्याला मार बसला असेल, तर सगळी लक्षणं जाऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नदीचं नावही काढू नका.

खांद्याबाबत मी जास्तच कडक आहे. हात डोक्याच्या वर आणि मागे गेला आणि त्याच क्षणी पाण्याने वल्हं ओढलं, की खांदा निखळू शकतो. कोपर खाली, हात छातीसमोर, हे आपल्याला पाठ असतं. पण नाव कलली की घाबरून हात वर जातोच. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची भीती मोठी, तरुणांमध्ये तर फारच.

परवानगी मिळाली की शांत, खोल पाण्यात परीक्षा घ्या. लाइफ जॅकेट घाला, सोबतीला माणूस ठेवा, वेदनाशामक गोळी घेऊ नका. कनू मुद्दाम उलटवा, बाहेर पडा, 50 मीटर जोरात पोहा, एका हाताने नाव ओढत काठावर आणा. असं तीनदा. प्रवाहात पडल्यावर पाठीवर तरंगत, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे असतात. तेवढा वेळ पोट आणि कंबर साथ देतात का, तेही बघा. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सूज किंवा ठणका असेल तर आणखी थांबा.

आता नदी. नद्यांच्या अवघडपणाचे 1 ते 6 असे दर्जे असतात. पाणी 10 अंश सेल्सिअसपेक्षा थंड किंवा जागा दुर्गम असेल, तर दर्जा एकाने जास्त धरतात. दुखापतीसाठी आणखी एक धरावा, असं माझं मत. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. अवघड टप्पा टाळायचा तर कनू उचलून काठाने चालावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याला ते झेपेल का? मध्येच बाहेर पडायला वाटच नसेल, तर ती नदी यंदा नको.

सोबत्यांपासून काही लपवू नका. कुणी पाण्यात पडलं तर थ्रो बॅग (दोर भरलेली पिशवी) फेकून दोर ताणून धरायला तुम्ही उपयोगी पडणार का, हे त्यांना आधी कळायला हवं. त्यांच्यापैकी एकाला, शक्यतो तुमची भीड न बाळगणाऱ्याला, ‘आज तू उतरू नकोस’ म्हणायचा अधिकार द्या.

पाण्याची किती पातळी चालेल, हे आदल्या रात्रीच लिहून ठेवा. काठावर उभं राहिलं की मन ओढ घेतं. सकाळी पातळी त्याहून वर दिसली, तर गाडी खाली, नदीतून बाहेर पडायच्या ठिकाणी नेऊन ठेवायचं काम मागून घ्या. कुणाला तरी ते करावंच लागतं.