स्पेस फ्रेमचं छत टाकताय? या चुका टाळा

स्पेस फ्रेम म्हणजे लहान लहान दांड्या, बहुधा पोलादी पाईप, जॉइंटवर जोडून लांबी, रुंदी आणि उंची तिन्हीकडे पसरलेली जाळी. ती कशाने उभी राहते हे कळायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या घ्या आणि एक चौकोन, एक त्रिकोण करून बघा. चौकोन बोटाने ढकलला की लगेच तिरपा होतो, त्रिकोण मात्र काडी मोडेपर्यंत आकार सोडत नाही. पुण्यात, टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी हे खेळणं कितीतरी पोरांच्या हातात दिलंय आणि माझ्याकडे नवीन इंजिनिअर आला की कॉम्प्युटर उघडायच्या आधी मी त्यालाही हेच करायला लावतो, कारण पुढच्या बऱ्याच चुका इथेच समजतात.

आता घन करा. 8 जॉइंट, 12 काड्या, आणि टेबलावर ठेवला की सरळ आडवा होतो. हिशोब सोपा आहे, जॉइंटच्या संख्येला 3 ने गुणायचं आणि 6 वजा करायचे, म्हणजे 18 काड्या पाहिजेत, आपल्याकडे 6 कमी आहेत, म्हणून सहाही बाजूंना एकेक तिरपी काडी टाकली की घन ताठ उभा राहतो. चार त्रिकोणांच्या चतुष्फलकाला 4 जॉइंट आणि 6 काड्या, बरोबर जमतं. पण चौकोनी पायाचा पिरॅमिड घ्या, जो आपल्याकडच्या बहुतेक स्पेस फ्रेममध्ये असतो, त्याला 5 जॉइंट, 8 काड्या, आणि लागतात 9. म्हणजे तो एकटा डगमगतोच! त्याला शेजारचे पिरॅमिड, कडेचे पाईप आणि सपोर्ट धरून ठेवतात.

म्हणूनच एसीचा डक्ट जात नाही म्हणून मधला एक पाईप काढला, किंवा कडेची एक रांग आर्किटेक्टला नको होती म्हणून उडवली, असं कुणी फोनवर सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. एक पाईप काढला तर चालेल का हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही, मोजणीनेही पूर्ण सांगता येत नाही (काड्यांची संख्या जुळली तरी त्या चुकीच्या जागी असू शकतात), तो पाईप काढून मॉडेल परत चालवायलाच लागतं.

दुसरी चूक जास्त घातक आहे, ती म्हणजे दाब येणाऱ्या पाईपला मध्ये आधार आहे असं कागदावर धरायचं आणि साईटवर तो खरा नसायचा. अमेरिकेतल्या हार्टफर्डचं उदाहरण प्रत्येक स्ट्रक्चरल इंजिनिअरने वाचलंच पाहिजे. तिथल्या कोलिझियमचं छत साधारण 91 मीटर बाय 110 मीटरचं, फक्त चार खांबांवर उभी केलेली स्पेस फ्रेम. जमिनीवर जुळवली आणि मग वर उचलली. 18 जानेवारी 1978 च्या पहाटे बर्फ पडत असताना ते अख्खं छत खाली आलं. आदल्या संध्याकाळी तिथे बास्केटबॉलची मॅच होती, सुमारे 5,000 माणसं आत बसलेली होती. काही तासांचं अंतर, म्हणून कुणाला खरचटलंही नाही.

वरच्या थरातले दाबाचे मेंबर (म्हणजे जाळीतल्या दांड्या) मध्यावर धरलेले आहेत असं डिझाइनमध्ये गृहीत होतं, पण कडेच्या रांगांमध्ये ती धरणारी तिरपी सळी अशा पातळीत होती की मेंबर बाहेरच्या दिशेने मुरडला तर तिला ते अडवताच येत नव्हतं. मधला आधार गेला की मेंबरची मोकळी लांबी दुप्पट होते, आणि लांबी दुप्पट झाली की मुरडायला लागणारा दाब निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच आहे. छत उचलल्यावर ते हिशोबाच्या जवळपास दुप्पट खाली झुकलेलं मोजलं गेलं होतं, कडेचे पॅनल बसेनात म्हणून तक्रारही आली होती, तरी हिशोबात आणि प्रत्यक्षात एवढा फरक पडतोच असं म्हणून ते पुढे नेलं गेलं. झुकाव दुप्पट आला तर काम थांबवा. नुसत्या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू नका, दोरी आणि लेव्हल मशीनवर ठेवा.

तिसरं, लोड जॉइंटवरच द्या. पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते आडवे दांडे), पंखे, लाईट, साऊंड, सगळं गोळ्यावर म्हणजे नोडवर यायला हवं. एका मंगल कार्यालयात मला बोलावलं होतं, पाईप वाकलाय म्हणून. वर बघितलं तर झुंबर पाईपच्या बरोब्बर मधोमध क्लॅम्पने लटकवलेलं, का तर स्टेजच्या मध्यावर दिसलं पाहिजे. आता 2 मीटर लांब, 60 मिमी व्यासाचा, 3.6 मिमी जाडीचा पाईप घ्या, मध्ये 200 किलो टांगा, दोन्ही टोकं नुसती टेकलेली धरा, तर त्या वाकण्यातूनच चौरस मिमीला 116 न्यूटनच्या आसपास ताण येतो, आणि YSt 240 प्रतीच्या नळीची ताकद 240. जवळजवळ निम्मी ताकद झुंबराने खाल्ली, छताचं वजन आणि वारा अजून बाकीच आहे. आम्ही आधी खालून टेकू देऊन लोड काढला, मग पाईप बदलला आणि झुंबर दोन नोडमध्ये आडवं चॅनल टाकून त्यावर घेतलं. वाकलेला पाईप गरम करून किंवा ठोकून सरळ करू नका, आणि टेकू न देता तर अजिबात कापू नका.

चौथं म्हणजे बोल्ट. बॉल नोडच्या सिस्टीममध्ये पाईपच्या टोकाला शंकू असतो, त्यातून बोल्ट येतो, वर सहा पैलूंची स्लीव्ह, स्लीव्हमध्ये एक खाच आणि त्या खाचेत छोटी पिन. स्लीव्ह पान्याने फिरवली की पिन बोल्टला फिरवते आणि बोल्ट गोळ्यात आत जातो. बाहेरून बोल्ट दिसत नाही, तिथेच घोळ होतो. भोक एका रेषेत नसेल, आत रंग किंवा गंज असेल, तर बोल्ट चार आटे घेऊन अडकतो, स्लीव्ह मात्र गच्च झाल्यासारखी वाटते आणि फिटर पुढच्या जॉइंटकडे जातो. वर चढून पिन बघा. पिन खाचेत सरकून गोळ्याकडच्या टोकाला गेली असेल तर बोल्ट आत बसलाय, मध्येच थांबली असेल तर नाही. खोलून साफ करा, परत बसवा. हाय टेन्साइल बोल्टला वेल्डिंगचा टाका मारून "पक्का" करू नका, त्याने बोल्ट ठिसूळ होतो.

शेवटचा पाईप बसत नाही, 8 मिमी कमी पडतोय, ही तक्रार कायमची. तो पाईप चुकीचा नसतो, आधीच्या वीस पाईपांतला अर्धा अर्धा मिलिमीटर तिथे जमा झालेला असतो. चेन ब्लॉकने ओढून बसवला तर तो ताण कायमचा आत राहतो. मधून सुरुवात करून बाहेर जा, प्रत्येक दोन-तीन रांगांनंतर कर्ण मोजा.

वाऱ्याचं थोडक्यात सांगतो. पुण्यासाठी वाऱ्याच्या भारतीय कोडमध्ये 39 मीटर प्रति सेकंद वेग धरलाय, त्याचा मूळ दाबच चौरस मीटरला 90 किलोच्या वर जातो, आणि पत्र्यासकट छताचं वजन त्याच्या बरंच खाली असतं. म्हणजे पेट्रोल पंपाची कॅनोपी पडण्याआधी उडायला बघते. त्या वेळी खालचे ताणाचे पाईप दाबात येतात, तेव्हा तेही दाबासाठी तपासा. क्रेनने मध्यात धरून उचलतानाही हेच होतं, कडा लटकतात आणि खालचा थर दाबला जातो. उचलायचे पॉइंट डिझाइन करणाऱ्याने द्यावेत, क्रेनवाल्याने नाही.

उन्हाळ्यात 60 मीटरचं छत 30 अंशांच्या फरकाने 21-22 मिमी लांब होतं. सगळे सपोर्ट प्लेटला वेल्ड केले तर तो धक्का खांबाला बसतो, मग खांबाच्या डोक्याला तडे दिसतात आणि लोक सिमेंट भरतात. एक बाजू पक्की, बाकीच्या ठिकाणी लांबट भोकं आणि सरकणारं पॅड, आणि पेंटरने तिथे रंग भरून ते जाम केलं नाहीये ना हे दरवर्षी बघा.

हे सगळं पोलादाबद्दल झालं, पण दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स, आर्किटेक्ट राज रेवाल आणि इंजिनिअर महेंद्र राज यांनी 1972 मध्ये जागेवर ओतलेल्या काँक्रीटची स्पेस फ्रेम करून उभा केला होता. 2017 च्या एप्रिलमध्ये तो पाडला. आपल्या पोरांना दाखवायला तो आता नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

टेकू काढायच्या आधी आणि काढल्यावर लगेच, मधल्या आणि कडेच्या नोडची लेव्हल घ्या, हिशोबातल्या झुकावाशी ताडून बघा आणि आकडे तारखेसकट ऑइल पेंटने खांबावरच लिहा. फायली हरवतात. पुढच्या पावसाळ्याआधी परत मोजा, आणि एखाद्या पाईपमधून कोरड्या दिवशी पाणी टपकताना दिसलं तर तो आतून भरलाय, त्याचं तोंड बंद करण्याआधी जाडी मोजून घ्या.