नव्या रेडिएशनची बातमी आपल्या फाइलशी कशी ताडून पाहावी

रेडिएशन घ्यायचं ठरलं की घरात सोबत कोण जाणार याची जुळवाजुळव सुरू होते आणि मोबाइलवर बातम्यांचा पाऊस पडायला लागतो. 'पाच दिवसांत शेक पूर्ण', 'प्रोटॉनमुळे साइड इफेक्टच नाहीत', 'एका सेकंदात उपचार'. मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, लिनॅक या रेडिएशन देणाऱ्या मशीनवर काम करते. असे स्क्रीनशॉट घेऊन आलेले नातेवाईक मला जवळपास रोज भेटतात. त्यांच्या आशेला मी कधीच मोडता घालत नाही, कारण यातल्या बऱ्याच बातम्यांमागे हजारो पेशंटांवर झालेलं पक्कं संशोधन असतं. ते तुमच्या माणसाला लागू पडतं का, हे तुमचे डॉक्टर सांगतील. पण प्रश्न नेमका विचारलात, तर उत्तरही नेमकं मिळेल. तो प्रश्न कसा तयार करायचा, ते सांगते.

आधी फाइल घेऊन बसा. एका कागदावर लिहून काढा: कॅन्सर कुठल्या अवयवाचा, स्टेज कुठली, ऑपरेशन नेमकं काय झालं, काखेतल्या किंवा मानेतल्या गाठींपैकी किती तपासल्या आणि किती पॉझिटिव्ह (म्हणजे कॅन्सर असलेल्या) निघाल्या, स्तनाचा असेल तर ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन) यांचा रिपोर्ट काय. मग डोस. तो '४० ग्रे, १५ फ्रॅक्शन' असा लिहिलेला असतो. ग्रे हे मात्रेचं माप, फ्रॅक्शन म्हणजे एक बैठक. ४० ला १५ ने भागा, रोजचे साधारण २.६७ ग्रे येतात. रोजची मात्रा, बैठका आणि एकूण मात्रा हे तिन्ही आकडे एकत्रच वाचायचे. एकट्या एकूण मात्रेवरून काहीच कळत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण स्तनाच्या कॅन्सरचं आहे. कित्येक वर्षं ५० ग्रे, २५ बैठका, पाच आठवडे हाच रिवाज होता. ब्रिटनमधल्या स्टार्ट-बी चाचणीत त्याची तुलना तीन आठवड्यांत १५ बैठकांमध्ये दिलेल्या ४० ग्रेशी झाली. दहा वर्षांचे निकाल २०१३ मध्ये आले. कॅन्सर परत येण्याच्या बाबतीत तीन आठवडे कुठेही मागे पडले नव्हते, आणि स्तनाच्या पेशींना दीर्घकाळात होणारा त्रासही कमी दिसला. त्यानंतर ब्रिटनमध्येच फास्ट-फॉरवर्ड ही चाचणी झाली. ९७ केंद्रं, चार हजारांहून जास्त पेशंट. एका गटाला १५ बैठकांत ४० ग्रे, दुसऱ्याला पाच बैठकांत २६, तिसऱ्याला पाच बैठकांत २७. पाच वर्षांचे निकाल २०२० मध्ये आले. त्याच स्तनात किंवा छातीवर कॅन्सर परतण्याचं प्रमाण १५ बैठकांच्या गटात २.१ टक्के होतं, २६ ग्रेच्या गटात १.४ टक्के.

इथे पेशंट हमखास घाबरतात. "मॅडम, शेजारच्या वहिनींना पन्नास दिले, मला सव्वीसच? अर्धवट तर नाही ना?" अर्धवट नाही. २६ ग्रे पाच दिवसांत देताना रोजची मात्रा ५.२ ग्रे होते, जुन्या २ ग्रेच्या अडीचपटीहून जास्त. रोजची मात्रा वाढली की पेशींवर होणारा परिणाम सरळ पटीत वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. म्हणून एकूण मात्रा कमी करावी लागते. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर रोजच्या मोठ्या मात्रेला चांगला बधतो असं दिसलं, त्यामुळे बैठका कमी करण्याचं काम या दोन ठिकाणी सगळ्यात पुढे गेलं. प्रोस्टेटच्या पेस-बी चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. मध्यम किंवा कमी धोक्याच्या, प्रोस्टेटबाहेर न पसरलेल्या आजारात ३६.२५ ग्रे फक्त पाच बैठकांत दिले आणि पाच वर्षांनी ९५.८ टक्के पुरुषांमध्ये आजार परतलेला नव्हता. जास्त बैठकांच्या गटात हा आकडा ९४.६ होता.

फास्ट-फॉरवर्डमधला तिसरा गट मात्र विसरू नका. २७ ग्रे मिळालेल्या बायकांमध्ये पाच वर्षांनी स्तनातला कडकपणा, आक्रसणं असे मध्यम ते ठळक त्रास डॉक्टरांना १५.४ टक्क्यांत दिसले. २६ ग्रेच्या गटात ११.९ आणि ४० ग्रेच्या गटात ९.९ टक्के. अख्ख्या उपचारात एका ग्रेचा फरक, आणि परिणाम एवढा. मशीनच्या टेबलावर आम्ही मिलिमीटरसाठी झगडतो, हलू नका म्हणून परत परत सांगतो, त्यामागे हे आकडे आहेत.

आता तुमच्या कागदाशी ताडून पाहा. फास्ट-फॉरवर्डमधल्या बहुतेक बायकांचा स्तन शिल्लक होता, फक्त गाठ काढली होती. आपल्याकडे पूर्ण स्तन काढलेल्या आणि काखेत बऱ्याच गाठी पॉझिटिव्ह आलेल्या बायका खूप असतात. काखेला किंवा गळ्याच्या हाडाजवळ रेडिएशन द्यायचं असेल, तर फास्ट-फॉरवर्डचा हा निकाल जसाच्या तसा उचलता येत नाही. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरनं एक आठवडा विरुद्ध तीन आठवडे अशी हायपोर्ट-अॅडजुवंट ही चाचणी आपल्याच पेशंटांवर हाती घेतली, ती यासाठीच महत्त्वाची. म्हणून डॉक्टरांना "पाच दिवसांत होईल का?" एवढंच विचारू नका. असं विचारा: "माझा स्तन काढलाय, काखेत तीन गाठी निघाल्या. पाच बैठकांची चाचणी माझ्यासारख्यांवर झाली आहे का? नसेल, तर पंधरा बैठका देण्याचं कारण काय?" हा प्रश्न सिम्युलेशनच्या आधी विचारायचा. सिम्युलेशन म्हणजे मार्किंग करून सीटी काढतात तो दिवस. त्यानंतर डॉक्टर आणि फिजिसिस्ट प्लॅन बनवतात, तपासतात. एकदा प्लॅन मशीनवर आला की बैठका बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वय ६५ च्या पुढे, गाठ तीन सेंटीमीटरपर्यंत, काख स्वच्छ, ईआर पॉझिटिव्ह आणि हार्मोनची गोळी नियमित घ्यायची तयारी, अशा आजींच्या घरच्यांनी आणखी एक विचारावं: रेडिएशन लागेलच का? प्राइम-टू चाचणीचे दहा वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये स्तनात कॅन्सर परतण्याचं प्रमाण ९.५ टक्के, घेतलेल्यांमध्ये ०.९. पण जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, ८१ टक्क्यांच्या आसपास. हा निर्णय आजींच्या मनावर आणि गोळी चालू ठेवण्यावर आहे. गोळी मधेच सोडणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डाव्या स्तनाचं रेडिएशन असेल तर श्वास रोखून उपचार होईल का हे जरूर विचारा. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या बायकांच्या जुन्या नोंदी तपासून २०१३ मध्ये असं दाखवलं गेलं, की हृदयाला सरासरी मिळालेल्या प्रत्येक ग्रेमागे हृदयविकाराचा मोठा झटका आणि तशा घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. छातीत भरपूर हवा घेतली की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे, खाली सरकतं. तेवढ्या वीस-पंचवीस सेकंदांत रेडिएशनचा बीम सोडायचा. खोलीतला कॅमेरा छातीची पातळी बघत असतो. श्वास सुटला की बीम थांबतो, त्यामुळे "माझा श्वास सुटला तर काय" ही भीती बाळगू नका.

याची तयारी घरी करता येते, आणि ती केलेली बाई टेबलावर लगेच ओळखू येते. सपाट आडवं व्हा, दोन्ही हात डोक्यावर. दोन-तीन साधे श्वास. मग नाकातून सावकाश श्वास घ्या, पोट न फुगवता छाती वर येऊ द्या. पाठ टेबलावरून उचलायची नाही. बऱ्याच जणी जास्त हवा भरण्याच्या नादात कमान करतात आणि सगळं मार्किंग सरकतं. वीस सेकंद रोखा, सोडा, थोडं थांबा, पुन्हा करा. सकाळ-संध्याकाळ काही वेळा पुरे. रोज एवढाच, सारखाच श्वास यायला हवा. एक दिवस प्रचंड आणि दुसऱ्या दिवशी अर्धा नको. आणि ऑपरेशननंतर सांगितलेले खांद्याचे व्यायाम टाळू नका. हात डोक्यावर जात नाही म्हणून सिम्युलेशन पुढे ढकलावं लागतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये गणित वेगळं. तिथे कीमोसोबत सहसा ३३ ते ३५ बैठका असतात. स्तनाची बातमी दाखवून त्या पाचवर आणायला सांगू नका. तिथलं संशोधन वेळ वाया घालवू नका असं सांगतं. डेन्मार्कच्या पुढाकारानं झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण मात्रा आणि बैठका तेवढ्याच ठेवून आठवड्याला पाचऐवजी सहा बैठका दिल्या, म्हणजे उपचार आठवडाभर आधी संपला. त्या भागातला कॅन्सर आटोक्यात राहण्याचं प्रमाण ६० वरून ७० टक्क्यांवर गेलं. लग्नासाठी, जत्रेसाठी दोन दिवस सुट्टी मागणाऱ्या काकांना मी हेच सांगते. मशीन बंद पडलं किंवा सणाची सुट्टी आली, तर ती बैठक शनिवारी भरून निघेल का, हे तुम्हीही विचारा.

किडनी कमजोर आहे किंवा कमी ऐकू येतं म्हणून सिस्प्लॅटिन हे कीमोचं औषध देता येत नाही असं सांगितलं असेल, तर डोसिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाबद्दल विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीत अशा पेशंटांना रेडिएशनसोबत दर आठवड्याला थोडं डोसिटॅक्सेल दिलं. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेलं. निकाल २०२३ चे, आपल्या माणसांवरचे, आणि औषध जुनंच, सहज मिळणारं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दलही आपल्याकडचं काम अभिमान वाटावा असं आहे. टाटा मेमोरियलच्या पार्सर चाचणीत गर्भाशय काढलेल्या ३०० बायकांना साध्या पद्धतीनं किंवा आयएमआरटीनं (बीमची तीव्रता भागागणिक बदलून आजूबाजूचे अवयव वाचवणारी पद्धत), रोज इमेज घेऊन, रेडिएशन दिलं. कॅन्सरवरचा परिणाम सारखाच राहिला. पण आतड्याचे मध्यम ते गंभीर दीर्घकालीन त्रास तीन वर्षांत ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आले. अर्ध्यावर! जुलाबाच्या भीतीनं एसटीत बसायची हिंमत न होणारी मावशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्याची किंमत कळेल. तेव्हा ऑपरेशन झालेलं असेल तर विचारा: "आयएमआरटी होणार का? इमेज रोज घेणार का?" आणि मूत्राशय भरून यायला सांगितलं असेल तर सांगितलं तेवढंच पाणी, सांगितल्या वेळी प्या. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं. प्लॅन त्याच स्थितीवर बनवलेला असतो.

ऑपरेशन न होता थेट रेडिएशन आणि कीमो ठरली असेल, तर इंटरलेस चाचणीचं नाव काढा. त्यात भारतातल्या बायकाही होत्या. आधी सहा आठवडे दर आठवड्याला कीमो, मग नेहमीचा उपचार, असं केल्यावर पाच वर्षांनी ८० टक्के बायका हयात होत्या, एरवी ७२. मात्र नव्या मशीनच्या भरवशावर 'आतलं रेडिएशन' टाळू नका. ब्रॅकीथेरपी या उपचाराचा कणा आहे, आजही.

प्रोटॉनबद्दल थोडक्यात. हे एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचं रेडिएशन, गाठीच्या पलीकडे फारसं न जाणारं. चेन्नईत २०१९ पासून आणि नवी मुंबईत खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून ही सोय आहे. लहान मुलांच्या मेंदूजवळच्या किंवा मणक्याच्या गाठी असतील तर धावपळ करून मत घ्यावं, कारण वाढत्या अंगाला फुकटची मात्रा मिळू नये. प्रोस्टेटसाठी घर विकायची गरज नाही. अमेरिकेतल्या पार्टिकोल चाचणीत ४५० पुरुषांमध्ये प्रोटॉन आणि आयएमआरटी यांची तुलना झाली. आतड्याच्या त्रासात फरक आढळला नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं.

'एका सेकंदात' ही बातमी फ्लॅशची, म्हणजे मात्रा क्षणार्धात देण्याच्या प्रायोगिक पद्धतीची असते. पहिला पेशंट २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला झाला, त्वचेवरच्या गाठीसाठी. पुढे अमेरिकेत हाडात पसरलेल्या आजाराच्या दहा पेशंटांवर प्रोटॉन फ्लॅश वापरून पाहिलं. एवढ्या पेशंटांतून पद्धत वापरता येते एवढंच कळतं, उपचार सरस आहे का ते कळायला मोठ्या चाचण्या लागतात. त्यासाठी चालू उपचार थांबवू नका.

कुठलीही बातमी आली की चार गोष्टी शोधा: माणसांवर की उंदरांवर, किती जणांवर, कशाशी तुलना करून, किती वर्षं पाहून. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ती डॉक्टरांचा वेळ घेण्याइतकी पक्की नाही.

आणि चाचणीत स्वतः भाग घ्यावासा वाटला तर भारतात चालणाऱ्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. अवयवाचं आणि शहराचं नाव टाकून शोधा, नोंदणी क्रमांक लिहून घ्या आणि ओपीडीत दाखवा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. कुठल्या गटात गेलो तर काय मिळेल, तपासण्यांचा खर्च कोण करणार, आणि मधेच बाहेर पडलो तर नेहमीचा उपचार चालू राहील ना, ही तीन उत्तरं मिळाल्यावरच सही करा. सही केलेली एक प्रत तुमच्या फाइलला लावून घ्या.