तळ्यातली हिरवी ऊर्जा मोजण्यासाठी तीन बाटल्या

वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) उन्हातली किती ऊर्जा बांधतात, ते पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरून काढता येते. काचेच्या बुचाच्या, ३०० मिलीच्या तीन बीओडी बाटल्या (पाण्यातला प्राणवायू मोजण्याच्या खास बाटल्या) घ्या. एकीला बुचासकट काळी टेप आणि वर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. फट राहिली तर सगळा हिशेबच चुकतो.

अर्धा मीटर खोलीवर बुडवून भरलेल्या एकाच भांड्यातले पाणी रबरी नळीने बाटल्यांत सोडा. नळीचे टोक तळाला टेकवा आणि पाणी भरपूर ओसंडू द्या. आत बुडबुडा राहता कामा नये.

न गुंडाळलेल्यांपैकी एक बाटली लगेच ‘बांधा’, म्हणजे तिच्यातला प्राणवायू रसायनांनी पकडून ठेवा: मँगनीज सल्फेट १ मिली, अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिली, बूच, उलटसुलट हलवणे. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी हवा. पांढरा आला तर प्राणवायू जवळपास नाही. उरलेल्या दोन, काळी आणि उघडी (न गुंडाळलेली), बूच लावून सकाळी १० ते दुपारी २ त्याच खोलीवर टांगा. तरंगत्या डब्याची सावली उघड्या बाटलीवर पडू देऊ नका. पाणी गर्द हिरवे असेल तर दोन तास पुरेत, नाहीतर बाटलीत बुडबुडे धरतात आणि आकडा कमी येतो.

वर काढल्यावर त्याही तशाच बांधा. तिन्हींत साका बसला की प्रत्येकीत १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला (हातमोजे, चष्मा हवेतच, अझाइडही विषारी). २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने फिका पिवळा रंग येईपर्यंत अनुमापन करा (थेंबथेंब घालून किती लागले ते मोजा), मग स्टार्च घाला आणि निळा रंग जाईपर्यंत पुढे चला. जितके मिली लागले, तितका प्राणवायू मिग्रॅ/लिटर. निळा रंग थोड्या वेळाने परत आला तरी दुर्लक्ष करा.

समजा सुरुवातीची (आधी बांधलेली) ६.५ मिग्रॅ/लिटर, उघडी ९.०, काळी ५.५. उघडीतून काळी वजा: सकल (एकूण) उत्पादन ३.५, म्हणजे दर घनमीटरला ३.५ ग्रॅम. सुरुवातीतून काळी वजा: श्वसन १.०. सकलातून श्वसन वजा जाता उरते निव्वळ २.५. एक ग्रॅम प्राणवायूमागे सुमारे १४ किलोज्यूल धरले, तर सकल ऊर्जा दर घनमीटरला ४९ किलोज्यूल.

या निव्वळ आकड्याचे थेट दहा टक्के काढून ‘शाकाहाऱ्यांची ऊर्जा’ लिहिणे मात्र चूक. अन्नसाखळीत एका पायरीवरून पुढच्या पायरीकडे दहा टक्के ऊर्जा जाते, हे १९४२ साली परिसंस्थाशास्त्रज्ञ लिंडमनने मांडलेल्या विचारातून रूढ झालेले प्रमाण म्हणजे ढोबळ सरासरी आहे, प्रत्यक्षात प्रमाण बरेच बदलते. शिवाय बाटलीत प्राणिप्लवक (तरंगणारे सूक्ष्म प्राणी) आणि जिवाणूही असतात. काळी बाटली सगळ्यांचाच श्वास मोजते. २०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळल्यास मोठे प्राणिप्लवक वगळता येतात, जिवाणू नाहीत.