खरबूज खाल्ल्यावर पोट जड होत असेल तर

जेवणानंतर गोड म्हणून खरबुजाच्या चार फोडी खाल्ल्या की तासाभरात पोट डब्ब होतं, ढेकर सुरू होतात. आयुर्वेद खरबुजाला थंड आणि पचायला जड मानतो, म्हणून भरल्या पोटावर ते नकोच. आमच्या घरी फक्त वेळ आणि जोडीचे पदार्थ बदलले, आणि तक्रार थांबली.

१. न्याहारीनंतर दोन-अडीच तासांनी, साधारण अकराला, खरबूज एकटंच खा. पुढच्या जेवणाला तासभर तरी अवकाश हवा. रात्री टाळा.

२. फ्रिजमधलं असेल तर वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा.

३. वाटीभर फोडींवर चिमूट सैंधव, थोडी मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरा. सुंठ असली तर अगदी नखभर. पाच मिनिटं झाकून ठेवा. तळाशी रस सुटतो आणि मसाला प्रत्येक फोडीला लागतो. तो रसही प्यायचा, सगळी चव त्यातच उतरते.

४. वर लगेच गटागटा पाणी नको.

मुलं मिल्कशेक मागतात, पण दूध आणि खरबूज हा आयुर्वेदात विरुद्ध आहार. त्याऐवजी कोकणात चिबडाला (खरबुजासारखंच एक फळ) घालतात तसा किसलेला गूळ घाला, वर वेलदोड्याची पूड. आमच्याकडे आता तेच मागून खातात.

मधुमेह असेल तर गूळ वगळा आणि फोडी मोजून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, खरबुजात पोटॅशियम बरंच असतं.