घरातल्या द्रवांची घनता वर्गात कशी शिकवायची: आधी वजन, मग थर

ग्लासात रंगीत थर एकावर एक उभे राहिले की मुलं जाम खूश होतात, पण तेवढ्याने त्यांना घनता कळली असं होत नाही. कारण आधी मध, मग भांडी घासायचं लिक्विड, मग पाणी, मग तेल हा क्रम आपणच सांगितलेला असतो, मग मुलांना शोधायला उरतं काय? म्हणून मी म्हणेन की हा प्रयोग उलटा करा, आधी प्रत्येक द्रवाचं वजन मुलांनाच करू द्या, आकडे फळ्यावर लिहा, थर कसे लागतील ते त्यांच्याकडून वदवून घ्या आणि मगच ओतायला घ्या. वेळ थोडा जास्त जातो, दोन तास हाताशी ठेवा, पण खरं शिकणं त्या वजनकाट्यापाशीच होतं.

सामान साधंच आहे. मध, भांडी घासायचं लिक्विड, पाणी, दूध, खायचं तेल, जखम पुसायचं स्पिरिट, मीठ आणि दोन-तीन फूड कलर. शिवाय १ ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा, मिलिलिटरच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं मोजपात्र, बिनसुईची सिरिंज, चमचा, पारदर्शक स्ट्रॉ आणि उंच अरुंद ग्लास. रुंद ग्लास घेऊ नका, थर पातळ होतात आणि मागच्या बाकावरून काहीच दिसत नाही. स्पिरिट लगेच पेट घेतं त्यामुळे ते शिक्षकांनीच हाताळायचं, खिडक्या उघड्या आणि जवळपास कसलीही ज्योत नको. आणि यातलं काहीही चाखायचं नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, मध आणि दूध समोर असलं तरी.

स्टेप १: आधी अंदाज

काटा बाहेर काढायच्या आधी विचारा, एकाच मापाचे दोन ग्लास, एकात तेल आणि एकात पाणी, जड कोणतं? बरीच मुलं तेल म्हणतात, कारण ते ओतताना हळू येतं, बोटाला चिकटतं, पाण्यापेक्षा घट्ट वाटतं. इथेच खरी गोम आहे. द्रव किती सहज वाहतो ही एक गोष्ट आणि ठरावीक जागेत किती वस्तुमान मावतं ही वेगळी गोष्ट, मध हळूही वाहतो आणि जडही असतो म्हणून गोंधळ आणखी पक्का होतो. लगेच बरोबर-चूक सांगू नका, सगळ्यांचे अंदाज वहीत लिहून घ्या.

स्टेप २: वजन करा

रिकामं मोजपात्र काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, मग ५० मिलिच्या खुणेपर्यंत द्रव भरा आणि आकडा वाचा. मध दुसऱ्या भांड्यात मोजून मग काट्यावर ओतायचा प्रयत्न करू नका, निम्मा भांड्यालाच चिकटून राहतो. खूण वाचताना डोळे द्रवाच्या पातळीला आणायचे, वरून बघितलं की आकडा चुकतो, आणि पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला असतो म्हणून मधला खोलगट भाग वाचायचा.

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. ५० मिलि पाणी ५० ग्रॅम भरतं म्हणजे घनता १ ग्रॅम प्रति मिलि. तेवढंच तेल साधारण ४६ ग्रॅम, म्हणजे ०.९२. मध ७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १.४. भांड्यांचं लिक्विड पाण्यापेक्षा थोडंसं जास्त येतं, नक्की किती ते कंपनीनुसार बदलतं म्हणून मोजलेलंच बरं. ७० टक्केवालं स्पिरिट ०.८८ च्या जवळपास.

दुधाशी थोडं थांबा, इथे मजा आहे. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे ५० मिलि दूध पाण्यापेक्षा फक्त दीड ग्रॅम जास्त, आणि आपला काटा १ ग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही, त्यात पात्राच्या खुणाही काही फार नेमक्या नसतात, मग या फरकावर विश्वास ठेवायचा का? मुलांना विचारा काय करता येईल. कोणीतरी म्हणेलच की जास्त घेऊ, आणि २०० मिलि घेतलं की फरक ६ ग्रॅमच्या आसपास दिसतो. मोजमापातली चूक म्हणजे काय हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

अजून एक नक्की करा, तेल २५, ५०, ७५ आणि १०० मिलि असं वेगवेगळं मोजून आलेख काढा, आडव्या अक्षावर आकारमान आणि उभ्यावर वस्तुमान. बिंदू जवळपास एका सरळ रेषेत येतात. त्याच कागदावर पाण्याची रेषा काढली की ती तेलापेक्षा जास्त चढती दिसते. द्रव कमी घ्या किंवा जास्त, घनता तीच राहते हे मुलांना बोलून पटत नाही पण ती रेषा बघून पटतं.

स्टेप ३: आता थर

दूध बाजूला ठेवा, ते पाण्यात मिसळून जाईल. फळ्यावरच्या आकड्यांवरून मुलांना क्रम लावू द्या. पाण्यात आणि स्पिरिटमध्ये वेगवेगळे रंग घाला, तेलात मात्र हा रंग विरघळत नाही, ते आहे तसंच ठेवा.

मध ग्लासाच्या बरोबर मधोमध सोडा, काचेला लागू देऊ नका. प्रत्येक थर दोनेक सेंटीमीटरचा पुरे. त्यावर लिक्विड, फेस न करता. पाण्यासाठी चमचा उलटा करून काचेला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा, लिक्विड आणि पाणी एकमेकांत मिसळणारे आहेत, घाई केली तर थर गढूळ होणारच. मग तेल. शेवटी स्पिरिट सिरिंजने काचेच्या कडेवरून थेंब थेंब.

स्पिरिट आणि पाणी एकमेकांच्या शेजारी का ठेवले नाहीत हे विचाराच. दोघं एकमेकांत सहज मिसळतात, मधलं तेल त्यांना वेगळं ठेवतं. म्हणजे कोण वर आणि कोण खाली हे घनता ठरवते, पण दोन द्रव कायमचे वेगळे राहणार की नाही हे त्यांच्या रेणूंवर अवलंबून आहे. पडताळायचं असेल तर झाकणाच्या बाटलीत नुसतं तेल-पाणी हलवा, थोड्या वेळात वेगळं होतं. मग त्यात लिक्विडचे थेंब टाकून पुन्हा हलवा, आता ते दुधाळ होतं आणि पटकन वेगळं होत नाही.

स्टेप ४: वस्तू सोडा

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा छोटा तुकडा कापा आणि तिच्या झाकणाचाही. बाटलीचं प्लास्टिक साधारण १.३८ घनतेचं, पाण्यात बुडतं पण मधावर अडतं. झाकणाचं प्लास्टिक वेगळं असतं, ते पाण्यावरच तरंगतं, आणि तेलात काय करेल ते प्रत्येक झाकणाचं वेगळं, काही तेलाच्या खाली आणि पाण्याच्या वर येऊन थांबतात. कचऱ्यातल्या प्लास्टिकचा चुरा पाण्यात सोडून वेगवेगळे प्रकार असेच वेगळे करतात. तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर काडीने झटका, नाहीतर निष्कर्ष चुकेल.

वेगळ्या ग्लासात नुसतं तेल घेऊन रंगीत बर्फाचा खडा टाका. बर्फाची घनता ०.९१७, तेलाच्या इतकी जवळ की तो जेमतेम वर राहतो, आणि वितळलेलं पाणी मात्र रंगीत थेंब होऊन सरळ तळाला जातं. पदार्थ तोच, पाणीच, फक्त अवस्था बदलली.

वेळ उरला तर मिठाचं पाणी

चार ग्लासांत १०० मिलि पाणी, पहिल्यात मीठ नाही, पुढच्यांत १०, २० आणि ३० ग्रॅम, चारही रंग वेगळे. स्ट्रॉ आधी बिनमिठाच्या पाण्यात थोडी बुडवा, वरचं टोक बोटाने बंद करून उचला, मग १० ग्रॅमवाल्यात आधीपेक्षा खोल घालून बोट क्षणभर सोडा, पुन्हा बंद, असं पुढे. स्ट्रॉमध्ये चार रंगांचे पट्टे उभे राहतात. क्रम उलटा केला तर सगळं एक होतं, तेही मुद्दाम करून दाखवा. समुद्राचं पाणी साधारण १.०२५ आणि मृत समुद्राचं १.२४ च्या आसपास, माणूस तिथे सहज का तरंगतो याचं उत्तर मुलं आता स्वतः देतील.

आवरताना तेल बेसिनमध्ये ओतू नका, स्पिरिटच्या खालचं तेल सिरिंजने ओढून जुन्या बाटलीत भरा, ग्लास आतून कागदाने पुसा आणि मगच धुवा. स्पिरिटने भिजलेले कागद झाकण असलेल्या डब्यात टाका, आचेपासून लांब.